ग्राफिक्स कार्डाविना नवा कॉम्प्युटर

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या शहरात पुस्तकांच्या दुकानांसारखीच कॉम्प्युटरच्या दुकानांतही गर्दी होते. पोरगं पॉलिटेक्निकला लागलेलं असतं, पोरीला बीसीएला प्रवेश मिळालेला असतं, आणि घरात एकच विषय चाललेला असतो : कॉम्प्युटर घ्यायचा, पण केवढ्याचा? मराठवाड्यातल्या पुष्कळ घरांत ही अजूनही वर्षभर विचार करून घ्यायची वस्तू आहे. कुणी भिशी उचलतं, कुणी सोयाबीनचे पैसे हाती येईपर्यंत थांबतं, कुणी कानातलं गहाण ठेवतं. अशा पैशातून सुट्या भागांचा कॉम्प्युटर जोडून घ्यायचा म्हटलं की दुकानदार एक यादी हातात देतो. त्या यादीत बहुतेक वेळा सगळ्यात महाग आणि घेणाऱ्याला सगळ्यात कमी कळलेली वस्तू एकच असते. ती म्हणजे ग्राफिक्स कार्ड. हे कार्ड करतं काय, ते कुणाला लागतं, आणि ते वगळलं तर वाचलेला पैसा कुठे लावावा, याबद्दल आज थोडं बोलू या.

कविता लिहिणाऱ्या माणसाने या विषयात का शिरावं, असं कुणी विचारील. कारण साधं आहे. माझ्या पिढीतल्या मराठी-उर्दू लिहिणाऱ्यांना आपली अक्षरं कॉम्प्युटरच्या पडद्यावर सरळ दिसण्यासाठी बरीच वर्षं वाट पाहावी लागली. त्यामुळे पडद्यावर अक्षर येतं तरी कसं, हे कुतूहल तेव्हापासून मनात राहिलं.

पडदा म्हणजे शेवटी बारीक ठिपक्यांची जाळी. आपल्याकडचा हिमरू आठवा. दुरून पाहिला तर वेलबुट्टी दिसते, जवळ गेलं की उभे-आडवे धागे दिसतात. कॉम्प्युटरचा पडदाही तसाच असतो. आज सर्रास मिळणाऱ्या मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके झाले. आणि हे चित्र सेकंदाला साधारण ६० वेळा नव्याने दाखवलं जातं. म्हणजे सेकंदाला बारा कोटींहून अधिक ठिपक्यांचा हिशेब. प्रत्येक ठिपक्याचा रंग कोणता, हे कुणीतरी ठरवायचं आणि मॉनिटरकडे पाठवायचं. हे काम ग्राफिक्सचा भाग करतो. हा भाग वेगळ्या कार्डावर असेल किंवा प्रोसेसरच्या पोटातच असेल, पण तो असल्याशिवाय पडद्यावर काहीच दिसत नाही.

१९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला, तेव्हा त्याच्या साध्या डिस्प्ले कार्डाला चित्र काढता येत नसे. त्याला फक्त अक्षरं दाखवता येत, आणि ती अक्षरं इंग्रजी. प्रत्येक अक्षराचा साचा कार्डावरच्या चिपमध्ये कायमचा कोरलेला होता. इंग्रजी अक्षरं एकमेकांशेजारी सुटी बसतात, त्यामुळे त्यांचं भागलं. आपल्या देवनागरीला काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं. ती त्या ठरावीक चौकटींत बसायची कशी?

हे कोडं सोडवण्याचं मोठं काम आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. त्यातून 'जिस्ट' हे तंत्र उभं राहिलं आणि जिस्ट कार्डही आलं. कॉम्प्युटर उघडून त्याच्या खाचेत हे कार्ड बसवलं की डॉसवर चालणाऱ्या साध्या प्रोग्रॅममध्येही मराठी-हिंदी अक्षरं दिसू लागत. म्हणजे पडद्यावर मराठी वाचण्यासाठी वेगळं कार्ड विकत घ्यावं लागे, असाही एक काळ होता. उर्दूची नस्तालिक लिपी तर तिरपी उतरत जाणारी. तिची वर्तमानपत्रं पुष्कळ वर्षं कातिब लोक हाताने लिहून देत. पुढे १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली, त्यात देवनागरीला जागा मिळाली. विंडोज २०००मध्ये मराठी अक्षरं कुठल्याही जादा कार्डाशिवाय दिसत. आज सगळ्यात स्वस्त कॉम्प्युटरवरही मराठी आणि उर्दू दोन्ही नीट दिसतात. वाचणं, लिहिणं, पत्र टाइप करणं, तलाठी कार्यालयाचा फॉर्म भरणं, यासाठी ग्राफिक्स कार्डाची गरज उरलेली नाही.

मग ही महागडी कार्डं आहेत कशासाठी? त्यासाठी दोन प्रकारचे कामगार समजून घ्यावे लागतील. कॉम्प्युटरचा मुख्य प्रोसेसर हा हुशार मुनीम आहे. तो हिशेब करील, पत्र लिहील, अडलेल्या कामातून वाट काढील. पण तो एका वेळी मोजकीच कामं हातात घेतो. आता कापसाचं शेत डोळ्यांसमोर आणा. वेचणी करायची आहे. मुनीम कितीही हुशार असला तरी शंभर एकरांत तो काय करणार? तिथे शंभर बाया आपापली पात धरून एकाच वेळी पुढे सरकल्या पाहिजेत. प्रत्येकीचं काम सोपं आणि सारखं असतं, पण ते सगळं एकदम चालतं. ग्राफिक्सचा भाग म्हणजे ही वेचणीची टोळी. लाखो ठिपके आहेत, प्रत्येकाचं गणित थोडक्यातलं आहे, आणि सगळी गणितं एकदम उरकायची आहेत. एएमडी कंपनीच्या रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरच्या पोटातल्या ग्राफिक्समध्ये असे ४४८ छोटे गणक आहेत. जानेवारी २०२५मध्ये आलेल्या एनव्हीडियाच्या आरटीएक्स ५०९० या कार्डात ते २१ हजार ७६० आहेत. टोळीतल्या माणसांच्या संख्येत एवढं अंतर असल्यावर किमतीतही ते असणारच.

पानावरची अक्षरं स्थिर असतात. तिथे छोट्या टोळीला फारसं काम पडत नाही. सिनेमा पाहतानाही नाही, कारण चित्रफीत उलगडण्यासाठी वेगळी सोय त्याच चिपमध्ये असते. पण नवीन पद्धतीचा गेम घ्या. त्यात पळणारा घोडा, त्याची सावली, पाण्यातलं प्रतिबिंब, उडणारी धूळ, हे सगळं दर क्षणी नव्याने मोजून काढायचं असतं. तिथे मोठी टोळी लागते.

अनेक लहान हातांनी मिळून काम करण्याची ही कल्पना आपल्या महाराष्ट्राला नवी नाही. १९८०च्या दशकात भारताला अमेरिकेकडून क्रे कंपनीचा महासंगणक हवा होता. तो लष्करी कामात वापरला जाईल अशी शंका घेऊन अमेरिकेने हवी ती क्षमता द्यायला नकार दिला. वाटाघाटींनंतर हवामानाच्या अंदाजासाठी म्हणून कमी ताकदीचं एक यंत्र मिळालं. मग १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख झाले. तीन वर्षांची मुदत आणि सुमारे ३० कोटी रुपयांचा खर्च, एवढ्यात काम करून दाखवायचं होतं. क्रेसारखा एकच बलाढ्य प्रोसेसर आपल्याला मिळणार नव्हता. तेव्हा या लोकांनी इन्मॉस या इंग्लंडमधल्या कंपनीचे 'ट्रान्सप्युटर' नावाचे लहान प्रोसेसर घेतले, ते मोठ्या संख्येने एकत्र जोडले आणि एकच गणित सगळ्यांत वाटून दिलं. १९९१ साली परम ८००० तयार झाला. सेकंदाला शंभर कोटी गणितं करण्याचं लक्ष्य त्या वेळी मोठं मानलं गेलं.

आज याचं एक गमतीदार टोक दिसतं. मघाशी ज्याचं नाव घेतलं, त्या ५६००जीच्या पोटातलं ग्राफिक्स कागदावर त्या शंभर कोटींच्या हजारपटीहून अधिक गणितं करतं. दोन्हीकडे मोजण्याची रीत अगदी सारखी नाही, पण अंदाज यायला एवढं पुरे. ज्याला आपण 'साधं', 'कार्ड नसलेलं' म्हणून नाक मुरडतो, त्याची ही ताकद आहे. परम घडवणाऱ्यांनी पहिल्यांदा विचार केला तो कामाचा. गणित कोणतं करायचं आहे, ते वाटता येतं का, आणि हाताशी असलेल्या पैशात कोणते भाग घेता येतात, हे त्यांनी ठरवलं. घरचा कॉम्प्युटर घेतानाही प्रश्नांचा क्रम हाच ठेवला पाहिजे.

प्रोसेसरच्या पोटात ग्राफिक्स आलं कसं, तेही थोडक्यात सांगतो. १९९०च्या दशकात डिस्प्लेचं कार्ड बहुधा वेगळंच घ्यावं लागे. १९९९पासून इंटेलने मदरबोर्डवरच्या चिपमध्ये ग्राफिक्स बसवायला जोमाने सुरुवात केली. दुकानांत 'ऑनबोर्ड ग्राफिक्स' हा शब्द तेव्हा रुळला. एमएस-सीआयटीच्या वर्गांत पुढे हजारो पोरं जे कॉम्प्युटर शिकली, ते बहुतेक असलेच होते. ते ग्राफिक्स मात्र अशक्त असे. २०११च्या सुमारास इंटेल आणि एएमडी या दोन्ही कंपन्यांनी ते प्रोसेसरच्याच चिपमध्ये घेतलं आणि त्यानंतर त्याची ताकद वाढत गेली. लोकांच्या मनात मात्र 'ऑनबोर्ड म्हणजे टाकाऊ' हे जुनं मत तसंच राहिलं.

या जुन्या मतामुळे काय होतं, याचं उदाहरण २०२४च्या जूनमध्ये पाहायला मिळालं. आमच्या गल्लीतल्या एका बाईंनी शिवणकामातून आणि भिशीतून ४५ हजार रुपये साठवले होते. मुलगी पॉलिटेक्निकला कॉम्प्युटर शाखेत लागली. एका दुकानातून आणलेलं कोटेशन घेऊन दोघी घरी आल्या.

मुलगी म्हणाली, "काका, यातलं ग्राफिक्स कार्ड काढून टाकता येईल का? साडेबारा हजारांचं आहे. पण दुकानदार म्हणतात, कार्डाशिवाय कॉम्प्युटर चालूच होणार नाही."

आई म्हणाली, "भाईसाहेब, चाळीसच्या वर गेलं की पुस्तकांना काय उरणार? आणि लाइट गेल्यावर चालायला ते बॅटरीचं यंत्रपण लागेल म्हणे."

मी यादी पाहिली. दुकानदार खोटं बोलत नव्हता. त्याने यादीत इंटेलचा आय५ १२४००एफ हा प्रोसेसर लिहिला होता. शेवटचं ते 'एफ' अक्षर महत्त्वाचं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असतो, त्याच्या पोटातलं ग्राफिक्स बंद केलेलं असतं. तो थोडा स्वस्त मिळतो, पण त्याच्यासोबत कार्ड घ्यावंच लागतं. म्हणजे आधी असा प्रोसेसर निवडला की ज्याला कार्डाशिवाय चित्र दाखवताच येत नाही, आणि मग कार्ड आवश्यक झालं. त्या कार्डाचे साडेबारा हजार बसवण्यासाठी बाकी सगळीकडे हात आखडता घेतला होता. रॅम ८ जीबीची एकच पट्टी, २५६ जीबीची एसएसडी, कॅबिनेटसोबत फुकट येणारा बिननावाचा एसएमपीएस, १९ इंची मॉनिटर, आणि यूपीएस नाहीच. बेरीज ४२ हजार.

"बेटा, तुला यावर करायचं काय आहे?" मी विचारलं.

"प्रोग्रॅमिंग, काका. जावा, पायथॉन. थोडं वेब डिझाइन. आणि लेक्चरचे व्हिडिओ."

"गेम?"

ती आईकडे पाहून हसली. "कधीतरी. हलके."

मग आम्ही यादी नव्याने मांडली. कार्ड काढलं आणि प्रोसेसर बदलून ग्राफिक्ससहित ५६००जी घेतला. त्या महिन्यात दोन-तीन दुकानांत विचारून जे भाव मिळाले ते असे : प्रोसेसर साडेअकरा हजार, मदरबोर्ड साडेसात हजार, ८ जीबीच्या दोन रॅम पट्ट्या ३४०० रुपये, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी ३३०० रुपये, नावाजलेला एसएमपीएस साडेतीन हजार, कॅबिनेट अडीच हजार, २२ इंची मॉनिटर सात हजार, कीबोर्ड-माऊस ९०० रुपये आणि यूपीएस तीन हजार. बेरीज ४२ हजार ६००. पैसे जवळपास तेवढेच लागले. पण रॅम दुप्पट झाली, साठवणूक जवळपास दुप्पट झाली, मॉनिटर मोठा आला आणि लाइट गेल्यावर काम सेव्ह करण्यापुरती सोय झाली. मुलगी आता शेवटच्या वर्षाकडे निघाली आहे. तोच कॉम्प्युटर वापरते आहे.

हे आकडे २०२४चे आहेत. २०२५च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडीचे भाव भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अवाढव्य डेटा सेंटरना मेमरी चिप हव्या आहेत, आणि कारखान्यांनी आपलं उत्पादन तिकडे वळवलं आहे. त्यामुळे आज यादी केली तर बेरीज वर जाईल. तेव्हा वरचे भाव लक्षात ठेवू नका, पैशांची वाटणी लक्षात ठेवा. मेमरी महागल्यावर तर कार्डावरचा अनावश्यक खर्च आणखीच टोचेल.

आता दुकानात जाताना काय पाहायचं, ते एकेक सांगतो.

सगळ्यात आधी प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचा. नुसतं 'आय३' किंवा 'रायझन ५' म्हणून भागत नाही. इंटेलमध्ये शेवटी एफ नसावा. १२१०० आणि १२४०० या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे, १२१००एफ आणि १२४००एफमध्ये नाही. एएमडीच्या ५०००च्या मालिकेत उलट बघायचं : ५६००जीमध्ये ग्राफिक्स आहे, नुसत्या ५६००मध्ये नाही. त्यांच्या ७०००च्या मालिकेत एफ नसलेल्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये पडदा चालवण्यापुरतं लहान ग्राफिक्स असतं. ८५००जी, ८६००जी हे जी अक्षराचे प्रोसेसर जानेवारी २०२४मध्ये जाहीर झाले, त्यांचं ग्राफिक्स अधिक तगडं आहे. मदरबोर्डवर एचडीएमआयची खाच दिसली म्हणजे झालं, असं समजू नका. एफचा प्रोसेसर बसवला तर ती खाच असून नसल्यासारखी.

दुसरी गोष्ट रॅमची. ग्राफिक्स कार्डावर स्वतःची मेमरी असते. प्रोसेसरच्या पोटातल्या ग्राफिक्सला ती नसते, ते मुख्य रॅममधूनच वाटा घेतं. त्यामुळे ८ जीबीमध्ये ओढाताण होते, १६ जीबीमध्ये बरं चालतं. आणि १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८च्या दोन पट्ट्या घ्या. गोदामाला एक दार असेल तर बैलगाड्यांची रांग लागते, दोन दारं असली की माल दुप्पट वेगाने ये-जा करतो. दोन पट्ट्यांनी असंच होतं. कार्ड नसलेल्या कॉम्प्युटरवर गेम खेळताना हा फरक डोळ्यांना दिसतो. मदरबोर्डवर चार खाचा असतील तर दोन पट्ट्या शेजारी-शेजारी बसवत नाहीत. प्रोसेसरकडून मोजून बहुधा दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवतात. नेमकं काय ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

तिसरी गोष्ट एसएसडी. विंडोज किंवा लिनक्स जिथे ठेवायचं, ती जागा एसएसडीच असावी, जुन्या पद्धतीची फिरती हार्डडिस्क नसावी. कॉम्प्युटर 'स्लो आहे' ही रोजची तक्रार पुष्कळ वेळा फिरत्या हार्डडिस्कमुळे असते, आणि लोक तिचा दोष ग्राफिक्सच्या माथी मारतात.

चौथी गोष्ट एसएमपीएस. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या कॉम्प्युटरला वीज कमी लागते. ५६००जी हा प्रोसेसर ६५ वॉटच्या वर्गातला आहे, आणि वर सांगितलेलं आरटीएक्स ५०९० कार्ड एकटंच ५७५ वॉटपर्यंत जातं. तरीही एसएमपीएस चांगल्या कंपनीचा, '८० प्लस' असा शिक्का असलेला, ४५० ते ५५० वॉटचा घ्या. आपल्याकडे विजेचा दाब वर-खाली होतो, आणि बिननावाचा एसएमपीएस जळताना कधीकधी मदरबोर्डही घेऊन जातो. शिवाय पुढे कधी मध्यम कार्ड बसवायचं झालं तर हाच एसएमपीएस बऱ्याचदा पुरतो. मदरबोर्डवर लांब पीसीआय एक्स्प्रेस खाच आणि कॅबिनेटमध्ये कार्डापुरती लांबी, एवढं आजच पाहून ठेवलं की पुढची वाट मोकळी राहते. दोन वर्षांनी मुलगा कमवायला लागला की त्याने ते कार्ड स्वतःच्या पैशाने घ्यावं.

विजेच्या बिलाचाही हिशेब करून पाहा. कार्ड नसलेला कॉम्प्युटर मॉनिटरसह सरासरी ६० वॉट खात असेल आणि रोज पाच तास चालत असेल, तर महिन्याला ९ युनिट होतात. कार्डासह गेम खेळताना तोच ३०० वॉट खात असेल तर ४५ युनिट. आणि ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत उतरते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, पत्र्याच्या घरात तर विचारायलाच नको. कमी तापणारा कॉम्प्युटर इथे जास्त टिकतो. महिन्या-दोन महिन्यांनी तो बंद करून, वायर काढून, पंख्यांवरची धूळ ब्रशने झटकावी.

ऑपरेटिंग सिस्टिमचं म्हणाल, तर विंडोज १०ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हा जुना कॉम्प्युटर विकत घेताना तो विंडोज ११ला चालतो का, हे विचारा. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसत नाहीत. चोरीचं विंडोज टाकून देणारे दुकानदार भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याला उबुंटूसारखं लिनक्स फुकट मिळतं, त्यात मराठीही आहे आणि उर्दूही.

मग कार्ड घ्यायचंच नाही का? तसं मी म्हणत नाही. काही कामांना ते लागतंच. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्याला इमारतीची हुबेहूब फिरती चित्रं काढायची आहेत, ब्लेंडरमध्ये ॲनिमेशन करायचं आहे, लग्नाच्या चित्रफितींचं ४केमध्ये संकलन हाच धंदा आहे, किंवा नवे भारी गेम पूर्ण थाटात खेळायचे आहेत, अशांनी कार्डाशिवाय यादी करू नये. पण ऑटोकॅडमधले साधे सपाट आराखडे, टॅली, फोटोंची दुरुस्ती, पुस्तकाची मांडणी, शाळा-कॉलेजचा अभ्यास, व्हॅलोरंट किंवा माइनक्राफ्टसारखे गेम, एवढं अंगभूत ग्राफिक्सवर चालून जातं.

आजकाल मुलं सांगतात, "एआय शिकायचं आहे, म्हणून कार्ड हवं." शिकण्याच्या सुरुवातीला ही सबब खरी नाही. गूगलच्या कोलॅबसारख्या सोयीत ब्राउझर उघडून दूरवरचं ग्राफिक्स कार्ड काही वेळ फुकट वापरता येतं. शिकाऊ मुलाचे धडे त्यावर होतात. घरात लागतो तो चालू कॉम्प्युटर आणि बरं इंटरनेट.

शेवटी जुन्या कार्डांबद्दल एक इशारा. २०२० आणि २०२१मध्ये चिपांचा तुटवडा होता, आणि त्यातच आभासी चलन खणण्यासाठी लोकांनी ग्राफिक्स कार्डं ढिगाने उचलली. कार्डांचे भाव दुपटीवर गेले. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या चलनाने आपली पद्धत बदलली, त्यासाठी कार्डांची गरज उरली नाही, आणि दिवसरात्र तापलेली हजारो कार्डं जुन्या बाजारात आली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की दिल्लीचं नेहरू प्लेस, स्वस्तात मिळतंय म्हणून असं कार्ड घेताना वॉरंटी किती उरली आहे ते आधी विचारा. बिल नसेल तर घेऊ नका. त्यापेक्षा एखाद्या कंपनीच्या ऑफिसातून निघालेला, तपासून विकलेला, कार्ड नसलेला जुना डेस्कटॉप घेतला आणि त्यात नवी एसएसडी टाकली, तर फारच थोड्या पैशात अभ्यासाचं काम भागतं.

म्हणून दुकानात जाण्याआधी घरी बसून एका कागदावर लिहा, या कॉम्प्युटरवर येती तीन वर्षं कोण, काय करणार आहे. तो कागद दुकानदारापुढे ठेवा. तीन दुकानांतून कोटेशन घ्या, प्रत्येक भागाचं पूर्ण नाव लिहून मागा, १८ टक्के जीएसटी धरून भाव विचारा आणि पक्कं बिल घ्या. मॉनिटरची वायर मागे मदरबोर्डच्या खाचेत लावून, कार्ड न बसवता, कॉम्प्युटर दुकानातच चालू करून पाहा. पडद्यावर चित्र आलं की मगच पैसे मोजा.